कॅराव्हॅनचं गाव कोणतं?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली सगळ्यांच्या ओळखीची. तिला इंजिन नसतं, स्टिअरिंग नसतं, पेट्रोल-डिझेलचा थेंब लागत नाही. तरीही कायद्याच्या लेखी ती स्वतंत्र गाडी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. म्हणून ट्रॅक्टरची आरसी वेगळी आणि ट्रॉलीची वेगळी. दोन चेसिस नंबर, दोन नोंदी, दोन पासिंग.

ही गोष्ट खानदेशातल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. पण तिचा खरा उपयोग होतो तो इथून हजारो मैलांवर. समजा, अमळनेरचं एक कुटुंब इंग्लंडमध्ये राहतं. सुट्टीत फिरायला त्यांनी कारमागे ओढायची कॅराव्हॅन घेतली आहे. दोन पलंग, एक शेगडी, छोटं बेसिन, जेवायचं टेबल. चार वर्षांनी नोकरी जर्मनीत गेली आणि कॅराव्हॅनही सोबत न्यायची ठरली. जर्मनीच्या नोंदणी कार्यालयात पहिला प्रश्न येतो, जुन्या देशातलं नोंदणीपत्र कुठे आहे? आणि इथे गाडं अडतं. कारण ते नोंदणीपत्र हरवलेलं नसतं, ते कधी निघालेलंच नसतं.

ब्रिटनमध्ये ओढायच्या कॅराव्हॅनची सरकारी नोंदणी होत नाही. ओढणाऱ्या कारचा जो नंबर असेल तोच नंबर मागच्या बाजूला लावायचा, एवढाच नियम. १९९२ पासून तिथे ‘क्रिस’ नावाची एक यादी आहे. कॅराव्हॅनचा १७ अंकी ओळख क्रमांक तिच्या चेसिसवर आणि खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो आणि मालकाचं नाव त्या यादीत असतं. चोरी झाल्यास ही यादी फार कामाची. पण ती उद्योगाने चालवलेली यादी आहे, सरकारी आरसी नव्हे. जर्मनीत मात्र कॅराव्हॅनला आपल्या ट्रॉलीसारखा स्वतःचा नंबर लागतो. नेदरलँड्समध्ये ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला लागतो. म्हणजे एका देशात जी वस्तू कारचं शेपूट आहे, ती समुद्राची खाडी ओलांडली की स्वतंत्र गाडी होते आणि तिच्या जन्मापासूनचे कागद मागितले जातात.

अशा वेळी कामाला येतात ते तीन कागद: खरेदीची मूळ पावती, ‘क्रिस’चं प्रमाणपत्र आणि निर्मात्याने दिलेलं अनुरूपता प्रमाणपत्र. हे तिसरं सर्वांत महत्त्वाचं. गाडी युरोपच्या मान्य नमुन्याप्रमाणे बनली आहे, तिचं वजन किती, ब्रेक कोणते, दिवे कोणते, हे त्यात निर्मात्याने लिहून दिलेलं असतं. ते नसेल तर एकेका गाडीची वेगळी तांत्रिक तपासणी करून घ्यावी लागते आणि त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. परदेशात कॅराव्हॅन विकत घेणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी आग्रहाने सांगेन, गाडी घेताना सोलर पॅनलची चौकशी नंतर करा, हे प्रमाणपत्र आधी हातात घ्या.

३१ डिसेंबर २०२० नंतर ब्रिटन युरोपच्या सीमाशुल्क व्यवस्थेबाहेर गेला. त्यामुळे तिथून आलेली कॅराव्हॅन आता जर्मनीसाठी आयात माल आहे. पण युरोपचा कायदा इथे माणसाची बाजू घेतो. जो माणूस किमान १२ महिने युरोपीय संघाबाहेर राहिला आणि आता बिऱ्हाड हलवून संघात राहायला येतो आहे, त्याची किमान ६ महिने वापरातली वस्तू करमुक्त येऊ शकते. या ‘वैयक्तिक मालमत्ते’च्या व्याख्येत भांडी आणि कपाटांबरोबर खासगी मोटार, तिचा ट्रेलर आणि कॅम्पिंगची कॅराव्हॅन यांची नावं घेतलेली आहेत. अट अशी की आल्यावर १२ महिने ती विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट आहे. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २(३) मध्ये ‘बॅगेज’ची व्याख्या आहे. मागाहून येणारं सामान त्यात धरलं आहे आणि मोटार वाहन त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. म्हणजे दहा वर्षं मेलबर्नला राहून कायमचा जळगावला परतणारा माणूस सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन सामान म्हणून आणू शकेल, पण ज्या गाडीत त्याची मुलं झोपली, जेवली, ती गाडी कायद्याच्या दृष्टीने त्याचं सामान कधीच होत नाही. ती आयात आहे आणि आयातीचे सगळे नियम तिला लागू. ‘माझीच वापरलेली गाडी आहे, मला कशाला कर?’ हा प्रश्न मनाला पटणारा असला तरी या एका व्याख्येपुढे टिकत नाही. कंटेनर बुक करण्याआधी ही व्याख्या ठाऊक असायला हवी.

वापरलेली गाडी कायमची भारतात आणण्याच्या अटी कडक आहेत. निर्मितीच्या तारखेपासून गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग उजवीकडे हवं. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. गाडी उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. पाठवण्यापूर्वी तिकडच्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं आणि भारतात आल्यापासून पुढची किमान ५ वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील, तिची देखभाल इथे होऊ शकेल, याची हमी द्यावी लागते.

या अटी खानदेशी माणसावर कशा पडतात ते पाहा. आपली पुष्कळ मुलं आखातात आहेत. दुबई, मस्कत, दोहा, सगळीकडे गाडी उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. तिथली कोणतीही वापरलेली मोटारहोम (इंजिन असलेली कॅराव्हॅन) स्टिअरिंगच्या चाळणीतच अडते, मग ती कितीही नवी असो. राहिले ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका असे डावीकडून चालणारे देश. पण तिथेही मध्यमवर्गीय कुटुंब मोटारहोम घेतं ती बहुधा जुनी, कारण नवी फार महाग, आणि जुनी म्हणजे ३ वर्षांच्या पलीकडची. माझं स्पष्ट मत असं की वापरलेली परदेशी मोटारहोम घेऊन कायमचं गावी यायचं स्वप्न असेल तर खरेदीच्या दिवसापासून या ३ वर्षांचं गणित मांडलेलं हवं. नंतर मांडलेलं गणित जुळत नाही.

पैशाचंही ऐका. वापरलेल्या मोटारींवरचं मूळ सीमाशुल्क बरीच वर्षं १२५ टक्के होतं आणि त्यावर समाजकल्याण अधिभार धरून ते १३७.५ टक्क्यांपर्यंत जाई. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मूळ दर ७० टक्के झाला, तेव्हा अनेकांना वाटलं की आता दरवाजा उघडला. पण त्याच वेळी ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार बसला आणि बेरीज पुन्हा तिथेच आली. वाहतूक आणि विमा धरून कस्टम्सने गाडीची किंमत १० लाख रुपये ठरवली, तर तिच्यावर पावणेचौदा लाख रुपये शुल्क. झाले पावणेचोवीस लाख. या रकमेवर पुन्हा जीएसटी. त्यानंतर मुंबईहून गावापर्यंतचा खर्च आणि राज्याचा मोटार वाहन कर. राज्याचा करही सीमाशुल्क भरून झाल्यावरच्या किमतीवर मोजला जातो, हे विसरू नये.

इथे आणखी एक फाटा फुटतो. स्वतःचं इंजिन असलेली मोटारहोम जागतिक शुल्कसूचीत मोटारींच्या ८७०३ या शीर्षकाखाली येते, तर ओढायची कॅराव्हॅन ८७१६ १० खाली, ‘राहण्यासाठी किंवा कॅम्पिंगसाठीचे ट्रेलर’ म्हणून. शीर्षक वेगळं म्हणजे दर वेगळा आणि आयातीच्या अटीही वेगळ्या. क्लिअरिंग एजंटला ‘कॅराव्हॅन आणायची आहे’ एवढंच सांगितलं तर तो मनात जे चित्र असेल त्याप्रमाणे आकडा सांगेल. गाडीचा फोटो, चेसिस नंबर आणि निर्मात्याचं माहितीपत्रक पाठवून शीर्षक क्रमांकासह लेखी अंदाज मागावा. ओढायच्या कॅराव्हॅनबाबत एक बारीक गोष्ट आणखी आहे. ब्रिटिश कॅराव्हॅनचं दार डाव्या बाजूला असतं, म्हणजे आपल्या रस्त्यांच्या कडेला. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या कॅराव्हॅनचं दार उजवीकडे. ती धुळ्याच्या हायवेवर कडेला थांबवली तर मुलं दार उघडून थेट ट्रकांच्या वाटेत उतरतील.

बंदरात उतरलेल्या गाडीची तपासणी हा पुढचा टप्पा, आणि ती कस्टम्समधून सुटण्याआधी व्हावी लागते. यासाठी मान्य असलेल्या संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि मध्य प्रदेशातल्या बुधनीची केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था. तीनपैकी दोन महाराष्ट्रात आहेत आणि तिसरी, जिथे मुख्यतः ट्रॅक्टर तपासले जातात, ती भुसावळ-इटारसी लोहमार्गाने पुढे गेल्यावर नर्मदेच्या पलीकडच्या काठावर. त्यामुळे खानदेशातल्या माणसाला निदान या टप्प्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागत नाही.

मग येतं पासिंग. धुळ्याचा एमएच-१८, जळगावचा एमएच-१९, नंदुरबारचा एमएच-३९. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ४७ प्रमाणे नमुना २० मध्ये अर्ज करायचा आणि त्याला विमा, पत्त्याचा पुरावा वगैरे जोडायचं. आयात गाडीसाठी वेगळा कागद एकच, पण तो नसेल तर बाकीचे सगळे निरुपयोगी: कस्टम्सचं मंजुरीपत्र. बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे दाखल केलेलं आयातीचं विवरण) आणि शुल्क भरल्याची पावती यांवर जो चेसिस नंबर आहे तोच गाडीवर असायला हवा. आरटीओचे निरीक्षक गाडी डोळ्यांनी पाहतात, नंबर ताडून घेतात, मगच नोंद होते. खासगी गाडीची ही नोंद १५ वर्षांची. आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिला जातो, मोटारकार की कॅम्पर, यावर पुढचा कर आणि विमा ठरतो. म्हणून तो शब्द बरोबर पडला आहे का ते कार्ड छापण्याआधीच पाहून घ्यावं.

आता शीर्षकातल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मालक परदेशात आणि गाडी इथे, हे चालतं का? मोटार वाहन कायद्याचं कलम ४० म्हणतं, मालकाचं निवासस्थान किंवा व्यवसायाची जागा जिथे आहे आणि गाडी एरवी जिथे ठेवली जाते, तिथे तिची नोंदणी करावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात ती करता येते, त्यामुळे जळगावच्या माणसाने मुंबईत उतरलेली गाडी मुंबईतच पास करून घेतली तरी ते कायद्याला धरून आहे. पण कलमाचा गाभा बदललेला नाही. कायदा विचारतो की गाडी कुठे उभी राहणार. मालकाचं मन कुठे आहे, त्याची शेती कुठे आहे, त्याचा पासपोर्ट कुठल्या कचेरीतून निघाला, हे सारे नंतरचे प्रश्न.

जगभर हेच तत्त्व चालतं. युरोपीय संघात एका देशातून दुसऱ्या देशात राहायला गेलेल्या माणसाला साधारणपणे ६ महिन्यांच्या आत गाडी नव्या देशात नोंदवावी लागते. आपल्या देशातही कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली तर नव्या राज्याचा नंबर घ्यावा लागतो. भुसावळची रेल्वे, वरणगावची आयुध निर्माणी इथल्या बदलीच्या नोकरदारांना याचा त्रास होई. सप्टेंबर २०२१ पासून आलेली ‘बीएच’ मालिका मुख्यतः अशांसाठी आहे. परदेशातल्या नोकरीशी तिचा संबंध नाही.

म्हणून परदेशस्थ माणसासमोर प्रामाणिक वाटा दोन. पहिली, गावाकडे खरोखर स्वतःचं घर आहे, पासपोर्टवर तो पत्ता आहे, आधार आहे, गाडी त्याच अंगणात राहणार आहे. तर नोंद स्वतःच्या नावाने करावी. दुसरी, गाडी आई-वडील किंवा भाऊच वापरणार आणि सांभाळणार. तर त्यांच्याच नावावर करावी. पण मग ती खरोखर त्यांची गाडी होते. अपघाताची जबाबदारी, विमा, चलन, सगळं त्यांच्या माथी येतं. सत्तरीच्या वडिलांच्या नावावर ‘फक्त कागदापुरती’ गाडी करणं मला योग्य वाटत नाही. ज्याला कोर्टात उभं राहावं लागेल त्याला आधी नीट समजावून सांगायला हवं. स्वतःच्या नावाने नोंद केली असेल तर २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं, ते जरूर घालावं. मालक दूरदेशी असताना काही बरंवाईट झालं तर मागच्यांचे हेलपाटे त्याने वाचतात.

आणि गाडी अकरा महिने नुसती उभी राहिली तर? जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो. थंड देशांसाठी बनवलेल्या कॅराव्हॅनचे छतावरचे सांधे, खिडक्यांची रबरं, टायरच्या कडा या उन्हात लवकर तडकतात आणि जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत येतं. विमा मात्र गाडी उभी असली तरी चालू ठेवावा. छपराखाली जागा नसेल तर अशी गाडी आणूच नये, असं मी म्हणेन.

ज्याला फक्त एखादा हिवाळा गावी काढायचा आहे त्याच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती जास्त शहाणपणाची. तिचं नाव कार्ने. १९५४ च्या आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क करारातून आलेली ही पुस्तिका म्हणजे गाडीचा पासपोर्टच. जिथे गाडी नोंदलेली आहे तिथल्या ऑटोमोबाइल क्लबकडून ती मिळते. क्लब हमी घेतो की गाडी परत जाईल आणि न गेल्यास शुल्क भरलं जाईल. त्या हमीसाठी क्लब मालकाकडून अनामत किंवा बँक हमी घेतो. भारतात अशी गाडी शुल्क न भरता ६ महिने राहू शकते. तिचा परदेशी नंबर तसाच राहतो आणि इथे पासिंग करायची गरज नाही. ३ वर्षांची अटही आड येत नाही. डावीकडचं स्टिअरिंगही चालतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे फक्त वळण्याचा इशारा देणारं चालू स्थितीतलं उपकरण लागतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने अशा पाहुण्या खासगी गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. गाडीत चार कागद हवेत: वैध नोंदणीपत्र, लायसन्स किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, विमा आणि जिथे लागू असेल तिथे प्रदूषण प्रमाणपत्र. ते इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असतील तर अधिकृत इंग्रजी भाषांतर सोबत ठेवायचं. ब्रिटिश ओढायच्या कॅराव्हॅनची गोची इथे पुन्हा समोर येते. तिला नोंदणीपत्रच नसल्यामुळे कार्नेच्या पानावर तिचा चेसिस क्रमांक आणि वर्णन स्वतंत्रपणे, अचूक लिहून घ्यावं लागतं. याच नियमांत आणखी एक अट आहे, अशा गाडीतून इथल्या प्रवाशांची किंवा मालाची वाहतूक करायची नाही. गावात मोठी गाडी आली की सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना चार जण चढणारच. त्यांना प्रेमाने नाही म्हणावं लागेल.

मुंबईत उतरलेली गाडी कसारा, नाशिक, मालेगाव करत आग्रा रोडने लळिंगचा किल्ला ओलांडते आणि धुळ्यात येते. इथे आशियाई महामार्ग ४६ आणि ४७ एकमेकांना छेदतात. हजिऱ्याहून हावड्याकडे जाणारा एक आणि ग्वाल्हेरहून बंगळूरकडे उतरणारा दुसरा. पूर्वेला वळलं की पारोळा, एरंडोल, जळगाव. चांगदेवचा तापी-पूर्णा संगम, पाटणादेवीचं रान, सातपुड्यातलं पाल, नंदुरबारकडचं तोरणमाळ: कॅराव्हॅन घेऊन हिंडायला खानदेशाइतका मोकळा आणि कमी गर्दीचा मुलूख महाराष्ट्रात थोडा असेल. एक गोष्ट तेवढी विसरायची नाही. देश सोडताना कार्नेच्या पानावर निर्गमनाचा शिक्का घ्यायचा. तो राहिला तर गाडी प्रत्यक्षात लंडनला पोचलेली असली तरी कागदावर ती भारतातच आहे, आणि क्लबकडून शुल्काची मागणी येते.

पण ज्याला परदेशी बनावटीचा आग्रह नाही त्याने इतक्या लांब जाऊ नये. आपल्या नियमांत ‘मोटर कॅराव्हॅन’ हा स्वतंत्र वर्ग आहे. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटं, हे त्याचे चार घटक. त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. ज्या ‘ट्रॅव्हलर’ नावाच्या व्हॅनवर अशा गाड्या बांधल्या जातात ती बनते पीथमपूरला, म्हणजे याच आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडून इंदूरच्या वाटेवर. गाडी मान्यताप्राप्त बांधणीकाराकडूनच बांधून घ्यावी. साधी व्हॅन घेऊन ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून आत पलंग आणि गॅस बसवून घेणं कलम ५२ मध्ये बसत नाही. आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल विमा कंपनीला दावा नाकारायला पुरतो, आणि सिलिंडर असलेल्या गाडीत तो धोका घेऊ नये. भाड्याने द्यायचा विचार असेल तर खासगी नोंद चालत नाही, पिवळी पाटी आणि परमिट लागतं. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्याची माहिती पर्यटन संचालनालयाकडून घ्यावी.

शेवटी एक धोका, जो अलीकडे वाढला आहे. ‘इम्पोर्टेड आहे, पासिंग झालेलं आहे, फक्त नावावर करायची’ अशी जुनी गाडी कुणी दाखवतं. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवलं, तेव्हा भूतानमधून चोरवाटेने आणून इतर राज्यांत खोट्या कागदांवर नोंदल्याचा संशय असलेल्या महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या गेल्या. आरटीओची नोंद झाली म्हणजे बुडवलेलं सीमाशुल्क माफ होत नाही. गाडी कितव्याही मालकाकडे असो, कस्टम्स ती जप्त करू शकतं. म्हणून अशा गाडीसाठी बयाणा देण्याआधी मूळ बिल ऑफ एंट्री पाहावं, त्यावरचं बंदराचं नाव वाचावं, वापरलेली गाडी असून मुंबईखेरीज दुसरं बंदर दिसलं तर तिथेच थांबावं. मग कागद आणि पेन्सिल घेऊन चेसिस नंबरचा ठसा स्वतः उतरवून घ्यावा आणि एकेक अंक त्या बिलाशी ताडून पाहावा.